उत्तरवयातील वाद्यसाधना

राळेगाव येथील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर बाजाची एक पेटी पुष्कळ वर्षे पडून होती. गेल्या वर्षी ती खाली काढण्यात आली. भाता फाटलेला, दोन पट्ट्या दबून बसलेल्या, आणि आत कोळ्यांनी आपला संसार थाटलेला, अशी तिची अवस्था होती. ती खाली काढावयास लावणारी व्यक्ती म्हणजे आमच्या वडील भगिनी. त्यांस आम्ही ताई म्हणतो. त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे आहे. नातवंडे शाळेत गेली म्हणजे दुपारी घरात जी शांतता नांदते, त्या वेळात पेटी शिकावी, असे त्यांनी मनात घेतले.

ही वार्ता आप्तांत पसरली तेव्हा कोणी उघड विरोध केला नाही. परंतु ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण दोघातिघांच्या तोंडून विनोदाच्या मिषाने निघालीच. ताईंनी ती ऐकून घेतली, आणि सायंकाळी आम्हांस एकट्यास गाठून विचारले, “तू एवढी इतिहासाची पुस्तके वाचतोस. या वयात वाद्य हाती धरणारी माणसे पूर्वी कधी झालीच नाहीत का? मला कुठे मैफल करायची आहे? माझ्या हाताने एकदा सूर वाजलेला मला ऐकायचा आहे.” प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर देणे आम्हांस सोपे गेले नाही, व त्याचे कारण केवळ अभ्यासाची उणीव हे नव्हते. ते कारण पुढे सांगूच. तूर्त, त्या प्रश्नाने आम्हांस जो शोध घ्यावयास लाविले, तो वाचकांपुढे ठेवितो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाद्य केव्हा शिकावे, या प्रश्नाआधी वाद्य कोणी शिकावे, हा प्रश्न आपल्या समाजाने जन्मावर सोपवून दिला होता. गुरवाने देवळात वाजवावयाचे, गोंधळ्याने संबळ वाजवावयाचा, मांगाने गावच्या कार्यात हलगी वाजवावयाची, अशी वाटणी गावगाड्यात ठरून गेलेली होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गोंड व परधान यांचे उदाहरण याहून बोलके आहे. किंगरी हे गजाने वाजवावयाचे तंतुवाद्य परधानाचे. त्यावर गोंडांच्या देवांच्या व कुळांच्या कथा गावयाच्या, आणि गोंड यजमानाने त्या ऐकून त्यास दान द्यावयाचे. किंगरी कोणाच्या हाती जाणार हे पाळण्यातच ठरे. शहरांतील व दरबारांतील विद्येचीही तीच रीत. उस्तादाच्या मुलास बोबड्या वयात सूर मिळे. बाहेरच्यास तो मिळालाच तर वर्षानुवर्षांच्या सेवेने. या सर्व व्यवस्थेत पन्नाशीच्या माणसाने नवे वाद्य हाती घेणे ही कल्पनाच संभवत नव्हती. ज्याच्या वाट्यास वाद्य आले त्याने ते बाळपणीच घेतलेले असे, व ज्याच्या वाट्यास आले नाही त्यास ते कोणत्याच वयात मिळावयाचे नव्हते. तेव्हा उत्तरवयात वाद्य शिकण्याचा इतिहास लिहावयाचा म्हणजे, वाद्य जन्माच्या बंधनातून कसे सुटले, हाच इतिहास लिहावयाचा.

या बंधनास एक मोठा अपवाद आपल्याकडे फार जुना आहे, आणि तो वारकऱ्यांचा होय. टाळ कोणीही घ्यावा. त्यास जात लागत नाही, वय लागत नाही. त्याहून विशेष गोष्ट वीणेची. अखंड हरिनामाच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवावयाची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि रात्रीच्या प्रहरी एखादा वृद्ध शेतकरी ती घेऊन देवापुढे उभा राहिलेला आपण पाहतो. या वीणेवर राग वाजवावयाचा नसतो. तारा छेडून सूर तेवढा जागा ठेवावयाचा असतो. पंडित म्हणतील की हे वादन नव्हे. असेना का! परंतु ज्याने आयुष्यभर नांगराची मूठ धरली त्यास साठाव्या वर्षी वीणा गळ्यात घेण्याचा अधिकार या एका ठिकाणी निर्विवादपणे मिळाला, आणि तो देताना त्याची परीक्षा कोणी घेतली नाही, ही गोष्ट आमच्या मते महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासात लहान नव्हे.

अभिजात विद्येचे दार उघडण्यास मात्र एकोणिसावे शतक उतरणीस लागावे लागले. मुंबईत १८७० साली पारशी मंडळींनी कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने गायन उत्तेजक मंडळी स्थापिली. पुण्यात १८७४ साली बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे यांनी गायन समाज काढिला. या संस्थांचे सभासद व्यापारी, वकील, शिक्षक, सरकारी नोकर असे होते. त्यांतील बहुतेकांचे बाळपण सुरांवाचून गेलेले होते. पोटाचा उद्योग करून सायंकाळी गाणे-वाजविणे शिकू पाहणारा प्रौढ गृहस्थ, हा नवा प्राणी महाराष्ट्रात या सुमारास जन्मास आला. घरंदाज उस्तादांनी त्याची थट्टा केली असल्यास नवल नाही. परंतु पुढील पन्नास वर्षांत संगीताची जी नवी घडण झाली, तीत याच प्राण्याचा हात मोठा होता.

विष्णु नारायण भातखंडे हे याचे ठळक उदाहरण होय. त्यांचा जन्म १८६० चा. विद्यार्थिदशेत त्यांनी वल्लभदास दामुलजी यांजकडे सतारीचे शिक्षण घेतले, आणि १८८४ साली ते गायन उत्तेजक मंडळीत आले. म्हणजे वाद्याची ओळख त्यांस तारुण्यात झाली होती, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांस आम्ही उत्तरवयातील नवशिक्यांत ओढू इच्छीत नाही. परंतु १८८७ साली ते वकिलीची परीक्षा उतरले व पुढे कित्येक वर्षे त्यांनी वकिलीच केली. पत्नी १९०० साली गेली, एकुलती कन्या १९०३ साली गेली. त्यानंतर या मनुष्याने आपले उर्वरित आयुष्य संगीतास वाहिले. दक्षिणेच्या प्रवासास ते १९०४ साली निघाले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा मराठी ग्रंथराज पन्नाशीच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध होऊ लागला. लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ साली निघाले तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. गुरूच्या घरी पाणी न भरता, दिवसाचा उद्योग सांभाळून, जो संगीत शिकू इच्छितो त्याच्यासाठी चिजा लिपिबद्ध केल्या पाहिजेत, हे त्यांनी ओळखिले. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग म्हणजे त्या ओळखीचे फळ होय. प्रौढ विद्यार्थ्याची अडचण कोणती, हे प्रौढपणी पुन्हा विद्यार्थी झालेल्या मनुष्यासच अधिक कळले, असे आम्हांस वाटते.

दुसरे विष्णु, म्हणजे पलुस्कर, यांचा मार्ग निराळा. ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या तालमीत वाढलेले. परंतु ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले, आणि १९०८ साली मुंबईस आणिले, तेव्हा तेथे फी देऊन कोणीही यावे अशी व्यवस्था झाली. १९३१ साली त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्याच्या परीक्षा आज तालुक्याच्या गावांतूनही मुले देतात, आणि त्या मुलांच्या शेजारी कधीकधी त्यांची आई बसलेली दिसते.

विद्येबरोबर वाद्यही सुलभ व्हावे लागले. मिरज हे तंबोऱ्यांचे व सतारींचे गाव म्हणून विख्यात आहे. २०२४ साली तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हा धंदा तेथे पिढ्यानपिढ्या अनादि काळापासून चालत आलेला नव्हे. फरीदसाहेब व त्यांचे भाऊबंद हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार लावणारे कारागीर होते. संस्थानांची शस्त्रे म्यानात गेली आणि धार लावण्याचे काम सरले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या मंडळींनी भोपळा व लाकूड हाती घेतले. तलवारीवर फिरणारा हात तंबोऱ्याच्या घोडीवर फिरू लागला. उत्तरवयात नवी कला शिकणाऱ्यास याहून चांगला दाखला कोणता द्यावा? ज्या तंबोऱ्याच्या घुमाऱ्यात मोठमोठ्या गवयांनी आपला षड्ज शोधिला, तो तंबोराच मुळी धंदा बदललेल्या कारागिरांनी घडविलेला आहे.

तथापि खेड्यापाड्यांत, विशेषतः आमच्या वऱ्हाडात, जे वाद्य पोहोचले ते सतार नव्हे, तर पेटी. हार्मोनियम हे मूळचे परदेशी. पॅरिसमधील अलेक्झांद्र दबॅं याने १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. ते पायाने भाता मारावयाचे, खुर्चीवर बसून वाजवावयाचे होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याची, जमिनीवर बसून वाजविण्याची पेटी बनविली, आणि तेव्हापासून ती बैठकीची झाली. तिचा गुण असा की, तीत सूर तयार असतो. व्हायोलिनवर किंवा सारंगीवर शिकणाऱ्यास सुराची जागा स्वतः शोधावी लागते. बोट केसभर सरकले की कान किटतात. सतारीस पडदे आहेत, परंतु मिंड काढण्यासाठी तार बाजूस ओढावी लागते, आणि डाव्या हाताच्या बोटांस घट्टे पडेपर्यंत ती बोटे कापीत राहते. पेटीवर मात्र पट्टी दाबिली व भाता हलविला की पहिल्याच दिवशी, पहिल्याच क्षणी, नेमका सूर निघतो. ज्याच्यापाशी वर्षे थोडी उरली आहेत त्यास हा केवढा दिलासा आहे, हे तरुणांस समजणार नाही.

हाच गुण तिचा दोषही होय. तयार सुरास वळविता येत नाही. मिंड पेटीतून निघत नाही. शिवाय सप्तकाचे बारा समान भाग करण्याची जी पाश्चात्य रीत तीत आली, तिच्यामुळे काही स्वर आपल्या नैसर्गिक स्थानापासून ढळले. षड्जाच्या कंपनांशी शुद्ध गंधाराच्या कंपनांचे स्वाभाविक प्रमाण चारास पाच असे आहे. पेटीचा गंधार त्याहून अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा बोलतो. कसलेल्या कानास हे खुपते. या व अशा आक्षेपांवरून आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती १९७१ च्या सुमारास सैल होईपर्यंत तीन दशके टिकली. त्याच काळात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने याच वाद्यातून स्वतंत्र वादनाचा मान मिळविलेला होता, व गावोगावची भजनी मंडळे त्याच पेटीवर अभंग म्हणत होती. मान्यवरांनी नाकारिलेले वाद्य लोकांनी सोडिले नाही.

या गंधाराच्या वादातच आम्हांस आमच्या विषयाचा खरा नायक भेटतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. सेवानिवृत्त अधिकाऱ्याने पेन्शन घ्यावे, पुराण ऐकावे, फार तर आत्मचरित्र लिहावे, असा परिपाठ. देवलांनी तार ताणून तिची लांबी मोजावयास प्रारंभ केला. आपल्या प्राचीन ग्रंथांतील बावीस श्रुती कोठे कोठे पडतात, हे त्यांस गणिताने व कानाने निश्चित करावयाचे होते. अब्दुल करीम खाँसाहेब गात, आणि देवल त्या स्वरांची स्थाने तारेवर पडताळून पाहत. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमेंट्स नावाचे एक सिव्हिलियन न्यायाधीश त्यांस येऊन मिळाले, आणि सप्तकात बाराहून अधिक स्वर असलेली ‘श्रुति-हार्मोनियम’ लंडनमध्ये तयार करविण्यात आली. एका बाजूस उस्ताद, दुसऱ्या बाजूस इंग्रज न्यायाधीश, आणि मध्ये पेन्शनीत निघालेला मराठी अधिकारी, हे चित्रच मोठे मनोहर आहे.

पुढे काय झाले? मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे श्रुतींचा व या नव्या पेटीचा वाद निघाला. भातखंड्यांस देवल-क्लेमेंट्स यांचा पक्ष मान्य झाला नाही. श्रुति-हार्मोनियम मैफलीत रुजली नाही. मग देवलांचा उत्तरकाळ वाया गेला काय? आम्ही तसे म्हणावयास धजत नाही. पेटीचा गंधार चढा आहे हे ज्यास कळत नाही तो पेटी निमूटपणे वाजवितो. ज्यास कळते तो अस्वस्थ होतो. आणि ज्यास निवृत्तीनंतरही अस्वस्थ होता येते त्याचे वय पंचांगावरून मोजू नये. हार झाली ती एका यंत्राची. आपल्या स्वरांस मोजमापाच्या प्रयोगशाळेत नेऊन बसविण्याची जी वाट त्यांनी धरिली, तिच्यावरून पुढचे अभ्यासक चालत आले.

येथे वाचक योग्य शंका काढतील. उत्साह ठीक; परंतु उशिरा आरंभ करणाऱ्यास प्रावीण्य येते काय? याचे उत्तर गोडगोड देण्यात अर्थ नाही. केसरबाई केरकर १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांच्या गंडाबंद शिष्या झाल्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. तालमीच्या हिशेबाने हे वय उशिराचेच. तरी त्या कोठल्या कोठे पोहोचल्या! परंतु त्यांच्या कानावर गाण्याचे संस्कार बाळपणापासून झालेले होते, आणि त्यानंतरही त्यांनी वर्षानुवर्षे दिवसाचे अनेक तास मेहनत केली, ही गोष्ट विसरून हा दाखला देणारा स्वतःस फसवितो. बाळपणीच्या अभ्यासाने बोटांत व मेंदूत जी वळणे पडतात ती साठीनंतर तशीच पडत नाहीत. द्रुत लयीतील तान साठीच्या नवशिक्या हातातून सहसा निघावयाची नाही. हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

परंतु मेंदूचा कवाडबंद किल्ला होतो हेही खरे नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठ ते पंच्याऐंशी वर्षांच्या थोड्या व्यक्तींस सहा महिने पियानोचे धडे देण्यात आले. ज्यांस धडे मिळाले नाहीत त्यांच्या तुलनेने लक्ष व स्मृती मोजणाऱ्या काही चाचण्यांत त्यांची प्रगती अधिक आढळली. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठी इमारत उभारू नये. तरी म्हणीपेक्षा तो अधिक भरवशाचा आहे. बुद्धी साठीस नासते, हे म्हणीने कोणावर प्रयोग करून ठरविले होते?

या थट्टेचे वयही फार जुने आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये साक्रेटीस उतारवयात कॉनस नावाच्या शिक्षकाकडे तंतुवाद्य शिकावयास जात असे. प्लेटोच्या एका संवादात तो स्वतःच सांगतो की, वर्गातील मुले त्यास हसत, आणि त्या बिचाऱ्या शिक्षकास म्हाताऱ्यांचा पंतोजी म्हणून चिडवीत. साक्रेटिसास आपल्या फजितीची चिंता नव्हती. आपल्यामुळे शिक्षकाचे हसे होते याचे तेवढे त्यास वाईट वाटे. पुढे रोमन पंडित सिसेरो याने वार्धक्यावर जो ग्रंथ ख्रिस्तपूर्व ४४ साली लिहिला, त्यात चौऱ्यांशी वर्षांच्या केटोच्या मुखाने याच गोष्टीचा गौरव केला आहे. केटो म्हणतो की, त्याने स्वतः वृद्धपणी ग्रीक विद्या शिकून घेतली, आणि साक्रेटिसाप्रमाणे वाद्यही शिकावे असे त्यास वाटले होते. तेव्हा राळेगावात जी कुजबुज झाली ती अथेन्सात अगोदरच होऊन गेलेली आहे.

आता पुन्हा आपल्या प्रांताकडे वळू. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज यांनी हातात खंजिरी घेतली, आणि वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यांत एक नवीच वाद्यपरंपरा निर्माण झाली. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला. त्यांच्या प्रभावाने गावोगाव जी भजनमंडळे निघाली त्यांत खंजिरी, पेटी, तबला आणि टाळ ही वाद्ये शेतकऱ्यांच्या व शेतमजुरांच्या हाती आली. कापसाच्या वेचणीवरून परत आलेला मनुष्य रात्री दिव्याजवळ बसून खंजिरीवर थाप मारावयास शिकला. त्याचे वय कोणी विचारिले नाही, आणि जातही नाही. वारकऱ्यांच्या वीणेने जो अधिकार दिला होता, तोच या खंजिरीने आमच्या भागात नव्याने दिला.

याच मालिकेत, परंतु एका निराळ्या अर्थाने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे व्हायोलिन येते. त्यांच्या वडिलांचे घराणे कबीरपंथी. भजनाचे सूर घरात होते. परंतु त्यांचे आयुष्य ग्रंथ, न्यायालये, परिषदा आणि संविधान यांत गेले. अशा मनुष्याने उत्तरवयात, मधुमेहाने शरीर पोखरले असताना, व्हायोलिन शिकावयास घेतले. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहज सांगून टाकिली जाते. आम्हांस ती तशी सहज वाटत नाही. ज्या गावगाड्यात वाद्य कोणी वाजवावयाचे हे जन्माने ठरे, आणि कित्येकांस ते हौसेने नव्हे तर गावकीचे काम म्हणून वाजवावे लागे, त्या गावगाड्याविरुद्ध ज्याने आयुष्य वेचिले, त्याने ज्यावर कोणत्याही जातीची मुद्रा नाही असे एक वाद्य, कोणाच्या हुकुमाने नव्हे, कोणाच्या सेवेसाठी नव्हे, केवळ आपल्या इच्छेने हाती धरावे, यात सबंध इतिहास सामावलेला आहे. त्या वादनात कौशल्य किती होते, हा प्रश्न येथे गौण होय. स्वतःच्या इच्छेने निवडलेले वाद्य हातात असणे हीच मुळात मिळविलेली वस्तू आहे.

आणि येथेच आम्हांस ते कारण सांगितले पाहिजे, ज्यामुळे ताईंच्या प्रश्नाचे उत्तर देणे जड गेले. माळ्यावरून उतरलेली ती पेटी आमच्यासाठी आणिली होती. आम्ही नऊ वर्षांचे होतो. वडिलांनी शिक्षक ठेविला. तो आठवड्यातून दोनदा येई. ताई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आमचा पाठ ऐकत. एकदा त्यांनी पट्टीवर बोट ठेविले तेव्हा, मुलीच्या जातीस हे शोभत नाही, असे घरातील वडीलधाऱ्यांनी बजाविले. आम्ही दोन वर्षांत कंटाळून पेटी टाकिली. ज्यास अधिकार होता त्यास गोडी नव्हती, आणि जिला गोडी होती तिला अधिकार नव्हता. घरंदाज मुलीने वाद्यास हात लावू नये, हा समज आमच्याच घरातला नव्हता. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी १९२० नंतरच्या काळात स्त्रीच्या गाण्यास सभ्य रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून दिली होती. परंतु ती प्रतिष्ठा मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांतून निघून राळेगावच्या माजघरापर्यंत येण्यास आणखी अर्धे शतकही पुरले नाही.

स्त्रीने साठीत वाद्य घ्यावे की नाही, असे विचारणे म्हणजे प्रश्न उलटा धरणे होय. बाराव्या वर्षी तिचा हात कोणी बाजूस केला, हे प्रथम विचारले पाहिजे. ज्याचे बाळपण खुले होते आणि ज्याने ते दवडिले, तो उत्तरवयात शिकतो तेव्हा ती हौस असते. हौसेसही मोल नाही असे आपण म्हणतोच. परंतु जिचे बाळपणच बंद होते, ती साठाव्या वर्षी पट्टीवर बोट ठेवते तेव्हा ती उशिरा आली असे कसे म्हणावे? ती वेळेवरच आली होती. दारात उभी होती. दार तेवढे उशिरा उघडले.

ताईंस आम्ही हे सर्व एकदम सांगितले नाही. देवलांची व साक्रेटिसाची गोष्ट सांगितली, त्या हसल्या. पेटी यवतमाळास नेऊन नवा भाता बसविला, सूर मिळवून घेतले. गावातील भजनमंडळात पेटी वाजविणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा त्यांस शिकवावयास येतो. तो त्यांस आजी म्हणतो, आणि बोट चुकले की न संकोचता सांगतो. वेचणीच्या दिवसांत तो शेतात असतो, तेव्हा पाठ बंद राहतो. परंतु ताई आपले पलटे घोळीत राहतात. उजव्या हाताची अनामिका अद्याप ऐकत नाही. भाता मध्येच थांबतो व सूर तुटतो. एक साधा अभंग बसावयास त्यांस चार महिने लागले.

परवा दुपारी तो अभंग आम्ही ऐकिला. आम्ही पेटीपाशी नव्हतो. स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो.